वरचा विस्तव

वहिनी, तुझ्यामागे आम्ही केलेले पहिले मफीन खालून करपले आणि वरून कच्चे राहिले. पण शेवट बरा आहे. हे आधीच सांगतो, कारण पुस्तक हातात दिलं की तू पहिल्यांदा हेच विचारायचीस, "भावजी, शेवट बरा आहे की नाही? नसेल तर दुसरं द्या." मला त्याचा राग यायचा. शेवट आधी कळला तर वाचायचं कशाला, असं मी म्हणायचो. आता वाटतं, शेवट बरा आहे हे ठाऊक असलं तर मधलं दुःख माणूस नीट वाचतो. तर ऐक.

तुझ्या आजारपणाबद्दल इथं काही लिहीत नाही. ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांना सांगायची गरज नाही, आणि ज्यांनी पाहिले नाहीत त्यांच्या आठवणीत तू तशी राहावीस असं मला वाटत नाही. स्वयंपाकघरात चुलीपुढे तुझा पाट अजून तिथेच आहे. कुणी उचलत नाही आणि कुणी त्यावर बसतही नाही. एवढंच.

तेरावं झालं आणि दादा रत्नागिरीला कचेरीत हजर व्हायला निघाला. आदल्या संध्याकाळी तो पडवीच्या पायरीवर बसला होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "चित्राक मामा न्हेतलो. बेळगावाक शाळा बरी आसा. हय आमी तिघय पुरुष. चेडवाक कोण बघतलो?"

"तिका विचारलंस?"

"ल्हान आसा ती. तिका काय विचारूचां?"

"आणि तू? शनवारी येत रवतलंस मां?"

त्याने पायरीवरचं पान उचलून अंगणात टाकलं. मग म्हणाला, "बघूया. घर खावक येता रे."

त्याचं ठरलं होतं. पुढच्या शनिवारी तुझा भाऊ येणार आणि रविवारी दुपारी चित्राला घेऊन जाणार. मला स्पष्ट दिसत होतं, की मुलगी बेळगावला गेली की दादाला शनिवारी घरी येण्याचं कारण उरणार नाही. तो रत्नागिरीच्या त्या भाड्याच्या खोलीत राहील, अण्णा पडवीत बसतील, मी आतल्या खोलीत वाचत बसेन. तू इतकी वर्षं एकत्र धरलेली चार माणसं चार ठिकाणी होतील, आणि कुणाचं कुणाशी भांडणसुद्धा झालेलं नसेल.

दुसऱ्या दिवशी चित्रा कोंबड्यांना दाणे टाकत होती. माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "काका, माका बेळगावाक जावचां नाय."

"मगे बाबांक सांग."

"बाबांनी विचारूक नको? विचारल्याशिवाय कसां सांगू?"

आपल्या घरात बोलण्याची रीतच तशी. तू नवी आलीस तेव्हा ती तुला कळेना. सासऱ्यांसमोर, म्हणजे अण्णांसमोर, नवऱ्याशी सरळ बोलायचं नाही, त्यानेही बायकोशी बोलायचं नाही. बेळगावच्या तुमच्या घरात सगळे एकदमच बोलत असत, त्यामुळे पहिले काही महिने तू गुदमरल्यासारखी दिसायचीस. चित्रा झाल्यावर तुमची सोय झाली. ती पाळण्यात असल्यापासून तुम्हा दोघांची निरोप्या. तू म्हणायचीस, "चित्रा, बाबांना सांग, पाणी तापलंय." दादा तिथेच, हाताच्या अंतरावर उभा. तो म्हणायचा, "चित्रा, आवशीक विचार, पंचो खंय आसा?" आणि ते पोर अंगठा चोखत दोघांकडे आळीपाळीने बघायचं. अशा घरात वाढलेली मुलगी आपणहून बापाला काय सांगणार?

मफीन तू बेळगावहून आणलेस. तुझ्या माहेरी शेजारच्या बाईंकडे पत्र्याचे साचे होते आणि भट्टी होती. आपल्याकडे दोन्ही नव्हतं. पण आपल्या गावात, वालावलात, जे होतं त्याच्याकडे तू नव्याने बघितलंस. परसातला केळीचा घड एकदम पिकायचा आणि शेवटची केळी काळी पडून गुरांपुढे जायची. ती तू कुस्करलीस. रेशनचा रवा आदल्या रात्री आंबट ताकात भिजवलास. गूळ, नारळाचा रस, झाडाचं जायफळ. दुकानातून आणायचा तो फक्त चिमूटभर सोडा. अंड्याचा प्रश्नच नव्हता, कोंबड्यांची अंडी विकायची, अण्णांच्या चुलीवर अंडं चढत नाही. साच्यांऐवजी फणसाची पानं माडाच्या पातीतल्या हिरांच्या काड्यांनी टाचून खोले केलेस, म्हणजे पानांचे द्रोण, आणि ते वाळूवर मांडले. मोठा टोप, तळाला वाळू, वर परातीचं झाकण. टोपाखाली विस्तव, झाकणावर विस्तव. पानांच्या कडा जळायला लागल्या की त्या वासाने सगळं घर उठायचं.

आणि हे रविवारीच, कारण दादा शनिवारच्या शेवटच्या गाडीने यायचा आणि रविवारी दुपारच्या गाडीने परत जायचा. मध्ये सगळ्यांची मिळून एकच न्याहारी.

पहिल्या रविवारी अण्णांनी खोला हातात घेऊन उलटासुलटा बघितला. काकडीचा धोंडस आपल्याकडे असाच खाली-वर विस्तव घालून भाजतात. ते म्हणाले, "ह्यो तर धोंडस! धोंडस करूक बेळगावसून इतक्या लांब कित्या इलंस गो?"

"धोंडस मोठ्ठा असतो अण्णा, कापून वाटायचा," तू म्हणालीस. "हे ज्याचं त्याला. कुणी कुणाच्या वाट्यात हात घालायचा नाही."

"म्हंजे भाऊवाटणीच केलंस मगे! घरात पाय ठेवल्या ठेवल्या!"

आणि वाटणीतले तीन त्यांनी एकट्यांनी खाल्ले. पुढे एकदा घाईत हीर न काढता चावले, तेव्हापासून दर रविवारी ओरडायचे, "हीर काढा रे! सून माझ्या जिवार उठली हा!" तू आतून उत्तर द्यायचीस, "जिवावर उठले असते तर दोन हीर लावले असते की, अण्णा." सासऱ्याशी तुझी अशी थट्टा चालायची. नवऱ्याशी मात्र, "चित्रा, बाबांना विचार, अजून एक वाढू का?"

आता आपलं भांडण. ते अर्धंच राहिलं, म्हणून इथं पुरं करतो.

कोल्हापूरला एका स्नेह्याकडे मी विजेचा गोल ओव्हन बघितला. झाकणाला काच, आतलं सगळं दिसतं, धूर नाही, राख नाही. तुझ्यासाठी तो आणायचं मी मनात घेतलं. तू नको म्हणालीस. कारण विचारलं तर म्हणालीस, करंट गेला तर अर्धे कच्चे राहतील. पुढच्या खेपेला म्हणालीस, त्यात पानाचा वास धरणार नाही. त्याच्या पुढच्या खेपेला, "भाजत असताना असं काचेतून टक लावून बघू नये, भावजी. ओशाळतात ते." मी शिक्षक माणूस. प्रत्येक कारणाचं माझ्याकडे उत्तर होतं, आणि मी ते देत गेलो. गेल्या चतुर्थीच्या सुमारास मी चिडून म्हणालो, "वैनी, तू हट्टी आसस. थंडीपावसात पहाटेची उठान मागीलदारी धुरात बसतंस, आणि दादाकय उठवतंस. आठवड्यातसून एक दिवस तेका झोप मिळता, ती पण घालवतंस."

तू हसलीस. "तुमचं लग्न होऊ दे. मग तुमच्या बायकोला विचारा, ओव्हन हवा की नको. ती हो म्हणाली तर घ्या."

मला तो टोमणा वाटला. मी लग्न करत नाही यावर घरात बोलणारे पुरेसे होते. मी ओव्हनचा विषय सोडला, पण मनात धरून राहिलो, की या प्रश्नाचं तुझ्याकडे उत्तर नव्हतं म्हणून तू विषय बदललास.

शनिवारी संध्याकाळी तुझा भाऊ आला. भला माणूस. चित्रासाठी कुंदा घेऊन आला होता. तिने पुडा देवापुढे ठेवला आणि उघडला नाही. दादा नेहमीच्या शेवटच्या गाडीने आला. चित्राचे कपडे एका पिशवीत भरून माजघरात ठेवले होते, येता-जाता प्रत्येकजण ती पिशवी ओलांडत होता.

निजायच्या आधी चित्राने गुपचूप रवा भिजवला. मी बघितलं आणि ताकाचं भांडं तिच्या हाताशी सरकवलं. आम्हा दोघांच्या मनात एकच वेडी कल्पना होती: सकाळी पानावर मफीन दिसले की मामाला आणि दादाला पटेल, हे घर चालतं आहे.

उजाडायच्या आधी तिने मला हलवलं. "काका, ऊठ. केळी कुस्करून झाली."

मागीलदारी थंडी चांगली होती. आम्ही चूल पेटवली, टोपात वाळू घातली, खोले मांडले. अर्धं पीठ चित्राने बाजूला ठेवलं, तुझ्यासारखंच, दुसऱ्या घाण्यासाठी. मी परात झाकली आणि विचारलं, "आता वर कितको विस्तव घालूचो?"

"माका काय म्हायत? वरचो बाबा घालीत."

"आणि आई?"

"आई खालचो बघी. ती सांगी, एका माणसाक दोन विस्तव सांभाळूक जमना नाय."

मला तेव्हाही उमजलं नाही. मी कोपऱ्यातली सोडणं, म्हणजे नारळाची सालं, उचलली आणि पेटवून परातीवर रचली. त्यांनी धूर असा केला की कोंबड्या ओरडत बाहेर पळाल्या. खाली मात्र चूल भडकलेली. धुरामुळे आम्हाला ना वास आला ना काही दिसलं.

दादा खोकत बाहेर आला. "सोडणां कोणी घातली रे? डोळे फोडूचे आसत काय?"

त्याने काठीने सोडणं खाली पाडली आणि परात उचलली. पुढचं तुला सुरुवातीलाच सांगितलं आहे. चित्रा टोपाकडे बघत राहिली. रडली नाही. तुझ्यासारखा खालचा ओठ मात्र आत ओढून धरला.

दादाने एक खोला उचलला, फुंकर मारली, हीर काढला आणि उभ्यानेच खाल्ला. सगळा खाल्ला. मग म्हणाला, "वरसून कच्चो आसा." हीर चुलीत टाकून, "पीठ उरलां हा?"

"हा," चित्रा म्हणाली.

"मगे करवंट्यो हाड. सुक्यो बघून हाड."

ती पळाली. दादा चुलीपुढे बसला. तो कचेरीत फायली उचलणारा माणूस, त्याला मी घरात कधी काही करताना बघितलं नव्हतं. त्याने करवंट्या वेगळ्या पेटवल्या, ज्वाळा विझेपर्यंत वाट बघितली, आणि लाल निखारे चिमट्याने एकेक करून परातीच्या कडेने गोल मांडले. मधोमध एकही नाही. चित्राला त्याने समोर, चुलीच्या तोंडाशी बसवलं. तुझी जागा ती.

मी उभाच होतो. त्याने वर न बघता मला सांगितलं, "तू जा रे. ह्यां दोघांचां काम."

मी पडवीत येऊन बसलो, पुस्तक उघडलं, आणि मग मागच्या बाजूने हळू आवाज यायला लागला. आधी दादाचा, एखादा शब्द. मग चित्राचा. मग पुन्हा चित्राचा. शब्द कळत नव्हते. पण हा आवाज माझ्या ओळखीचा होता. दर रविवारी याच खुर्चीत बसून, याच वेळी, मागच्या दारी असंच कुणीतरी हळू बोलताना मी ऐकलं होतं आणि पान उलटलं होतं.

ओव्हनपाशी कुणाला बसावं लागत नाही, वहिनी. बटण दाबलं की माणूस मोकळा. विस्तवापाशी मात्र दोघांना बसावं लागतं, एकाला खाली आणि एकाला वर, आणि मफीन होईपर्यंत उठता येत नाही. या घरात तुम्हा नवरा-बायकोला शेजारी बसून तासभर सरळ बोलता येईल अशी ती एकच जागा होती, आणि ती तू स्वतः बांधलीस, वाळू, पानं आणि करवंट्या घेऊन. मी तिच्याऐवजी काचेचं झाकण घेऊन येणार होतो. तुझी तिन्ही कारणं खोटी होती, आणि चौथं तू मला सांगितलंस तेव्हा मला तो टोमणा वाटला. भांडण तू जिंकलीस. तू असतीस तर आता मला चिडवलं असतंस, आणि मी ते खुशीने ऐकून घेतलं असतं.

तुम्ही दोघं तिथे काय बोलत होता, ते मला ठाऊक नाही. ठाऊक नाही याचं मला बरं वाटतं. फक्त एकदा, पाणी प्यायला आत आलो तेव्हा, कानावर पडलं होतं. तू म्हणत होतीस, "आज तुमचा विस्तव जास्त झालाय." आणि दादा म्हणाला, "तुझोच कमी पडता." त्यावर तू जशी हसलीस तशी मी तुला घरात कधी हसताना ऐकलं नाही. तेव्हा मला वाटलं, हे स्वयंपाकाबद्दलच आहे.

न्याहारीला सगळे बसलो. या घाण्याचे मफीन फुगले होते, कडेला थोडे फाटले होते. अण्णांनी सवयीने तोंड उघडलं, "हीर काढा रे," आणि पुढचं वाक्य गिळून पाण्याचा गडू उचलला. मामाने पहिला घास घेतला. दादाने पान पुढे सारलं आणि म्हणाला, "मामा, चित्रा इथंच राहील."

मामा थांबला. "अहो, पण आपलं ठरलं होतं की."

"ठरलं होतं. तिला विचारलं नव्हतं."

"आणि बघणार कोण तिला?"

"हा आहे, अण्णा आहेत. शनिवार-रविवार मी आहे."

"दर शनिवारी? एवढ्या लांबून?"

"इतकी वर्षं येतच होतो."

मामाने माझ्याकडे बघितलं, अण्णांकडे बघितलं. डोळे पुसायचे होते, ते त्याने पंच्याने तोंड पुसता पुसता पुसून घेतले. मग म्हणाला, "ताईच्या हाताची चव नाही याला."

"नाय," चित्रा म्हणाली. "पण मी शिकतलंय. मे महिन्यात तुमच्याकडे येईन ना मामा, तेव्हा करून घालीन. तुमच्याकडे फणसाची पानं मिळतात?"

"शोधूया की," मामा म्हणाला. "नाहीतर तूच घेऊन ये. येताना पानं आण, जाताना कुंदा ने."

मग ती उठली आणि देवापुढचा पुडा आणून तिने सगळ्यांच्या मध्ये उघडला. दुपारच्या गाडीने मामा एकटाच गेला. माजघरातली पिशवी संध्याकाळी चित्राने स्वतःच रिकामी केली. कपडे घडी घालताना ती गुणगुणत होती. मला उगाच अपराध्यासारखं वाटलं, की इतक्या लवकर या घरात कुणी गुणगुणतं आहे. मग वाटलं, तुला ते चाललं असतं. तूच म्हणाली असतीस, गाऊ दे की.

खोटं बोलणार नाही. सगळं जागेवर आलेलं नाही. दादा अजून रात्री पायरीवर एकटा बसतो. मला अजून शाळेतून आल्यावर दारातूनच काहीतरी सांगायला तोंड उघडावंसं वाटतं. पण काल शनिवार होता, आणि शेवटच्या गाडीने तो आला. आज सकाळी मी पडवीत बसून हे लिहीत असताना मागीलदारी विस्तव पेटला होता. चित्रा बोलत होती आणि दादा मधूनमधून "मगे?" म्हणत होता.

तेवढ्यात अण्णा खोकत उठले आणि आतल्या दाराकडे वळले. मला वाटलं ते मागे जाणार, ती दोघं त्यांना बघून गप्प होणार. मी घाईने कालचा पेपर उचलला. "अण्णा, बसा. पेपर वाचून दाखवतंय."

"कालच वाचलंस मां?"

"थोडो रवलो हा. बसा."

ते दारात थांबले. माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले, शाळेतला मुलगा खोटं बोलताना सापडला की मी बघतो तसे.

"पेपर ठेव तो," ते म्हणाले. "मी शाल घेवक जातंय. इतक्या वर्सांत रविवारी सकाळी माका मागीलदारी गेल्याचां कधी बघलंस तू?"

आणि शाल घेऊन ते परत आले, खुर्चीत बसले, आणि मागपर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने दोनदा खाकरले, आपण पुढेच बसलो आहोत हे त्या दोघांना कळावं म्हणून.